सात मैफली

रशियाचा थोर पियानोवादक अँतोन रुबिनस्टाइन याचा जन्म १८२९ साली झाला. पुढे त्याच्या वडिलांनी मॉस्को शहरात पेन्सिलींचा कारखाना काढला आणि सारे कुटुंब तेथे येऊन राहिले. आई पियानो वाजवीत असे. तिनेच मुलाची बोटे प्रथम पट्ट्यांवर ठेवली. पियानोच्या पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या असतात. मात्र पेटीचा स्वर भात्याच्या हवेवर निघतो, तर पियानोत पट्टी दाबताच आतील लहानशी हातोडी तारेवर आघात करते.

मुलगा आठ वर्षांचा झाला, तेव्हा आपले शिकवणे आता पुरे पडणार नाही, हे आईने ओळखले. व्हिलुआन या नामांकित शिक्षकाकडे ती गेली. घरची ऐपत बेताची होती. पण व्हिलुआनने फी घेतली नाही. १८३९ साली अँतोनने मॉस्कोत पहिली जाहीर मैफल केली. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता. पुढे गुरूने त्याला आपल्याबरोबर युरोपभर हिंडविले.

१८४६ साली वडील वारले. आई मॉस्कोला परतली आणि अँतोन एकटाच व्हिएन्नाला गेला. त्या काळचा सर्वश्रेष्ठ पियानोवादक फ्रान्झ लिस्ट तेथे होता. तो आपल्याला शिष्य करील, अशी अँतोनची आशा होती. लिस्टने नकार दिला. गुणी माणसाने स्वतःच्या बळावर पुढे यावे, असे त्याचे मत पडले. रिकाम्या पोटी असे मत ऐकणे काही सोपे नसते! अँतोन माळ्यावरील एका खोलीत राही आणि शिकवण्या करी. कित्येकदा जेवणापुरतेही पैसे नसत. एके दिवशी लिस्ट त्या खोलीवर आला. तेथील दैन्य पाहून तो अँतोनला जेवावयास घेऊन गेला आणि पुढे दोघांचा स्नेह जडला.

रशियात परतल्यावर त्याला निराळाच अनुभव आला. एकदा चर्चच्या नोंदवहीत नाव लिहिताना त्याने आपण कलावंत असल्याचे सांगितले. तेथील माणसाला हे काय असते, तेच कळेना. अखेर नोंद झाली ती व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून! संगीतकाराला देशात काही दर्जाच नव्हता. रुबिनस्टाइनने १८६२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे संगीत विद्यालय स्थापन केले. तेथून उत्तीर्ण होणाऱ्याला कलावंत ही पदवी मिळू लागली. चायकोव्हस्की हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होय.

१८७२-७३ साली तो अमेरिकेत गेला. तेथे त्याने २३९ दिवसांत २१५ मैफली केल्या. पैसा पुष्कळ मिळाला. पण आपण यंत्र झालो आहोत, असे वाटून तो पुन्हा कधी तिकडे फिरकला नाही.

१८८५-८६ च्या हंगामात त्याने एक विलक्षण बेत तडीस नेला. सात मैफली, आणि त्यांत सुमारे तीनशे वर्षांचे संगीत! पहिलीत इंग्लंडचा बर्ड, फ्रान्सचा कूपरँ, मग बाख, हेंडेल, हायडन आणि मोझार्ट. बर्डच्या काळी तर पियानो जन्मालाही आला नव्हता. त्याच्या रचना जुन्या वाद्यासाठी होत्या. दुसरी सबंध मैफल बेथोव्हेनची. एका बैठकीत आठ सोनाटा. त्यानंतर शूबर्ट, शूमान, लिस्ट, शोपँ असे करीत सातवी मैफल समकालीन रशियन संगीतकारांपर्यंत येऊन पोहोचे. हे सर्व तो एकटा वाजवी. त्या भरात त्याच्याकडून चुकीचे स्वरही लागत. पण श्रोते त्याकडे लक्ष देत नसत.

पीटर्सबर्ग आणि मॉस्को येथे रसिकांनी तिकिटे काढून मैफल ऐकली की दुसऱ्या दिवशी तीच संपूर्ण मैफल तो विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य करी. इतके श्रम एकदाच पेलणे अवघड. त्याने ते दोनदा पेलले. मॉस्कोच्या श्रोत्यांत बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या शिक्षकाबरोबर बसलेला असे. त्याचे नाव सेर्गेई राखमानिनोव्ह. मोठेपणी तोही जगद्विख्यात पियानोवादक झाला.

रुबिनस्टाइन १८८७ साली पुन्हा आपल्या विद्यालयाचा प्रमुख झाला. तेथे पियानोच्या संगीताचा इतिहास तो विद्यार्थ्यांना सांगे आणि लगेच वाजवूनही दाखवी. उत्तरायुष्यात त्याची दृष्टी फार मंद झाली होती. २० नोव्हेंबर १८९४ रोजी पीटरहॉफ येथे त्याचा मृत्यू झाला.