चित्रवेडा डॉक्टर : ओसामु तेझुका

ज्या गृहस्थांविषयी हा लेख आहे, त्यांचे नाव आपल्या महाविद्यालयात फार थोड्यांनी ऐकले असेल. त्यांचे ऋण मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या लहानपणावर आहे. शाळेतून आल्याबरोबर दप्तर भिरकावून ज्यांनी डोरेमॉन पाहिला, किंवा नारुतोपायी ज्यांनी परीक्षेच्या आदली रात्र घालविली, त्यांनी या सर्व मालिकांची वंशावळ मागे मागे शोधत जावे. वरच्या टोकाला जाड चष्म्याचा, डोक्यावर फ्रेंच पद्धतीची चपटी टोपी घालणारा, सदैव घाईत असलेला एक जपानी माणूस भेटतो. ओसामु तेझुका हे त्यांचे नाव. शिक्षणाने डॉक्टर, पेशाने चित्रकथाकार. जपानी लोक चित्रकथेला मांगा म्हणतात, पडद्यावर हलणाऱ्या चित्रांना अ‍ॅनिमे म्हणतात, आणि तेझुकांना मांगाचा देव म्हणतात. देव म्हटले की चिकित्सा थांबते. म्हणून मी त्यांना माणूस समजूनच लिहिणार आहे.

हे नाव मी प्रथम ऐकले ते शहापूरच्या एका मित्राकडून. मुंबईत कॉमिक कॉन नावाचा मेळावा भरतो. चित्रकथा, जपानी अ‍ॅनिमे आणि त्यांतील पात्रांचे वेष करून आलेली मुले-मुली, असा त्याचा थाट असतो. मित्र दोन वर्षे त्याच्याच गोष्टी सांगत होता. अखेर एका रविवारी आम्ही निघालो. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा मी पहाटेच्या एस.टी.ने कल्याण गाठले. तो आसनगावहून लोकलने आला. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापून केलेली नारुतोची कपाळपट्टी त्याने पिशवीत जपून आणली होती. गाडीत ती बांधण्याची त्याची छाती झाली नाही, मेळाव्याच्या दारात मात्र बांधली. आत पाहतो तो म्हसा येथील जत्रेला लाजवील अशी गर्दी! निळे-गुलाबी केस, थर्मोकोलच्या तलवारी, आणि कोणी कोणाला हसत नाही. एका दुकानात काळ्या केसांची दोन टोके शिंगांसारखी उभी असलेला, तांबडे बूट घातलेला एक छोटा बाहुला होता. लोक त्याच्यापुढून सरळ निघून जात होते. माझा मित्र तेथेच थांबला. हा अ‍ॅटम, याच्यापासून सर्व सुरू झाले, असे म्हणून त्याने जे सांगायला सुरुवात केली ते परतीच्या गाडीत आसनगावची लोकल कल्याणला येईपर्यंत चालू होते. पुढे मीही मिळेल तेवढे वाचले.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ते ताकाराझुका या गावी. तेथे केवळ स्त्रियांची एक प्रसिद्ध नाटक कंपनी होती व आजही आहे. आपल्याकडे बालगंधर्व स्त्री झाले, तिकडे स्त्रिया राजपुत्र होत. आईबरोबर ती नाटके पाहिलेल्या या मुलाने पुढे मुलींसाठी राजपुत्राच्या वेषातील राजकन्येची कथा रचली, यात नवल नाही. आई मांगा वाचून दाखवी तीही प्रत्येक पात्राचा आवाज काढून. वडिलांनी घरी छोटे प्रक्षेपणयंत्र आणले होते. त्यावर डिस्नेचे कार्टूनपट व चॅप्लिन पाहावयास मिळत. शाळेत मात्र त्याचे हाल होत. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे, पोरे छळत. चित्रे काढू लागल्यावर तीच पोरे वहीभोवती गोळा होऊ लागली. दुसरा नाद किड्यांचा. ओसामुशी नावाचा एक भुंगा जपानात आढळतो. आपल्या नावाशी त्याचे साम्य पाहून या मुलाने सहीत किडा या अर्थाचे अक्षर जोडून घेतले, ते जन्मभर ठेवले.

मग युद्ध आले. शाळकरी मुलांना कारखान्यांत जुंपले गेले. हातांना बुरशीचा असा रोग जडला की हात जातात की काय अशी वेळ आली. एका डॉक्टरने ते वाचविले, आणि आपणही डॉक्टर व्हावे असे तेव्हा मनात आले, असे ते सांगत. जून १९४५ मध्ये ओसाकावर अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, तेव्हा हा मुलगा कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. तो वाचला, खाली नदीकाठी पडलेली प्रेते त्याने पाहिली. त्याआधी एप्रिलमध्ये, जळक्या शहरातील एका जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात त्याने मोमोतारोवरचा एक लांबलचक कार्टूनपट पाहिला होता. चित्रपट होता नौदलाच्या प्रचाराचा. पण त्यातील चित्रांची हालचाल पाहून सोळा वर्षांच्या तेझुकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आयुष्यात एकदा तरी आपण असे चित्र हलवायचे असे त्यांनी ठरविले. प्रचारपटातूनही कोणी काय उचलील याचा नेम नाही.

त्याच वर्षी त्यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश घेतला. जानेवारी १९४६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांची पहिली चार चौकटींची चित्रमाला मुलांच्या वृत्तपत्रात छापून येऊ लागली. म्हणजे दिवसा शवविच्छेदन आणि रात्री चित्रे. व्याख्यानातही चित्रेच. हे फार काळ चालणार नव्हते. शेवटी त्यांनी आईला विचारले. आईने उलट एवढेच विचारले की तुला मनापासून काय आवडते. त्यांनी मांगा म्हटले. मग तेच कर, असा आईचा निकाल पडला. त्या काळी मांगा म्हणजे पोरांच्या हातातील हलक्या कागदाची वस्तू आणि डॉक्टरकी म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा. तरीही त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिली आणि पुढे १९६१ मध्ये नारा येथून डॉक्टरेटही मिळविली. विषय होता गोगलगायीच्या शुक्रपेशी! दवाखाना मात्र थाटला नाही. माझ्या मित्राला या आईचे फार अप्रूप वाटते. त्याच्या घरचे लोक वाईट आहेत असे नव्हे. भातशेती पोटापुरती, धाकटी बहीण शिकते आहे, आणि पोलीस भरतीत निवड झाली तर घर मार्गी लागेल असा सरळ हिशोब आहे. तो पहाटे मैदानावर धावतो आणि रात्री चित्रे काढतो. तेझुकांच्या आईने मुलाला जे सांगितले ते सांगावयास घरात थोडी तरी निश्चिंती लागते, असे मला वाटते. चरित्रे लिहिणारे हा भाग सहसा वगळतात.

१९४७ मध्ये ‘नवे रत्नद्वीप’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक निघाले. कथा दुसऱ्याची, चित्रे तेझुकांची. चार लाख प्रती खपल्या असे म्हणतात. आरंभीच एक मुलगा मोटार हाकत बंदराकडे धावतो आहे. मोटार पानागणिक जवळ येते, मोठी होते, पुन्हा दूर जाते. तोपर्यंतची चित्रकथा नाटकासारखी होती, जणू समोरच्या खुर्चीत बसून पाहावी. तेझुकांनी वाचकाला कॅमेऱ्याच्या जागी नेऊन बसविले. एका क्षणाला पुरे पान द्यावे, भीती दाखवावयाची तर फक्त डोळे काढावेत, हे तंत्र त्यांनी सिनेमातून आणले. मोठे डोळे डिस्नेकडून आले, ताकाराझुकाच्या रंगविलेल्या नटींकडूनही आले असावेत. मग १९५० मध्ये जंगलाचा सम्राट असलेला पांढरा सिंह आला आणि १९५२ पासून अ‍ॅटम. मेलेल्या मुलाच्या जागी एका शास्त्रज्ञाने बनविलेला हा यंत्रमुलगा. तो वाढत नाही म्हणून बाप त्याला विकून टाकतो. लढाया पुष्कळ आहेत, पण यंत्रांना माणसांसारखे वागवावे की नाही, हा त्या कथेतील खरा झगडा आहे. हिरोशिमानंतर सात वर्षांनी एका जपानी माणसाने नायकाचे नाव अ‍ॅटम ठेवावे, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

टोकियोत तेझुका तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळीत राहत. १९५४ मध्ये ती खोली सोडताना त्यांनी आपली अनामत रक्कम तशीच ठेवली आणि खोली दोन गरीब होतकरू पोरांना दिली. हे दोघे फुजिको फुजिओ या जोडनावाने लिहीत. त्यांच्यातील एकाने पुढे डोरेमॉन निर्माण केला. मात्र त्याच दशकात जपानी पालकसंघांनी मुलांना बिघडविणाऱ्या पुस्तकांविरुद्ध मोहीम काढली आणि तेझुकांची पुस्तकेही आगीत पडली. मोबाईलवर अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मुलांवर रागावणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना ही माहिती उपयोगी पडेल की आम्हांला, हे मी सांगत नाही.

आता त्या गोष्टीकडे वळतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मांगाच्या कमाईतून तेझुकांनी मुशी प्रॉडक्शन ही संस्था काढली आणि १ जानेवारी १९६३ रोजी अ‍ॅटम दूरचित्रवाणीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, असे १९६६ अखेरपर्यंत १९३ भाग. हे अशक्य समजले जात होते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. चांगल्या कार्टूनपटात १२ ते २४ चित्रे लागतात. तेझुकांनी एक चित्र तीन चौकटी धरले, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. पात्र बोलताना फक्त ओठ हलवावेत, धावताना मागचे दृश्य सरकवावे, उडणारा अ‍ॅटम एकदा काढून पेटीत ठेवावा आणि पुन्हा पुन्हा वापरावा, अशा युक्त्या योजिल्या. लोकांनी मालिका डोक्यावर घेतली, अमेरिकेनेही विकत घेतली. पण भाग मिळावेत म्हणून तेझुकांनी ते खर्चापेक्षा पुष्कळ कमी किमतीला दिले. तूट मांगातून आणि खेळण्यांच्या हक्कांतून भरून निघेल, आणि एवढ्या कमी भावात दुसरा कोणी स्पर्धेला येणार नाही, असा त्यांचा होरा होता. स्पर्धक आले. त्यांनी तोच भाव धरला. जपानमध्ये कार्टूनपटाची चित्रे काढणाऱ्या नवख्या मुलांची कमाई आजही तुटपुंजी आहे, आणि त्या दैन्याचे मूळ पुष्कळ जण या १९६३ च्या व्यवहारात दाखवितात. तेझुका वारले तेव्हा हायाओ मियाझाकी यांनी श्रद्धांजलीच्या लेखातही ही टीका टाळली नाही. सगळा दोष एकाच माणसावर टाकणे मला पटत नाही, कारण पुढच्या साठ वर्षांत भाव वाढवावयास कोणाचे हात बांधलेले नव्हते. तरीसुद्धा स्वतः रात्रंदिवस राबणारा आणि पैशाची पर्वा नसलेला माणूस दुसऱ्याच्या श्रमाचा भाव पाडून जातो, हे खरेच आहे.

मुंबईच्या त्या मेळाव्यात एका बाजूस स्वतःची चित्रे विकणारी तरुण मुले बसली होती. माझ्या मित्राने त्यांच्यातील एकाला, जागेचे भाडे जाऊन हाती काय उरते, असे भीत भीत विचारले. तो मुलगा हसला आणि जाण्यायेण्याचे सुटते म्हणाला. मित्राने त्याच्याकडून एक चित्र विकत घेतले. भाव केला नाही.

मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये बुडाली. तेझुका दोन वर्षे आधीच प्रमुखपदावरून दूर झाले होते, पण कर्जाचा डोंगर अंगावर आला. वाचकांची रुचीही बदलली होती. ताठर, वास्तववादी चित्रकथांपुढे त्यांची गोल चित्रे जुनाट वाटू लागली होती. तरुण चित्रकारांचा त्यांना हेवा वाटे आणि तो लपतही नसे. त्याच नोव्हेंबरात एका साप्ताहिकाने, थोड्या दिवसांची पाहुणी म्हणून, त्यांची एक मालिका घेतली. परवाना नसलेल्या, चेहऱ्यावर शिवणीचा व्रण असलेल्या शल्यविशारदाची ती कथा, ‘ब्लॅक जॅक’. सोडून दिलेली डॉक्टरकी अशी कामास आली, आणि संपले असे ज्यांच्याविषयी म्हणत ते तेझुका पुन्हा उभे राहिले.

आपल्याला विशेष जवळचे असे त्यांचे काम म्हणजे १९७२ ते १९८३ या काळात काढलेले ‘बुद्ध’. त्याची सुरुवात सिद्धार्थापासून होत नाही. चाप्रा हा शूद्र दास आणि तत्ता हा त्याहूनही खालच्या जातीचा पोर, यांच्यापासून ती होते. कपिलवस्तूचा राजपुत्र नंतर जन्मतो. दोन्ही पोरे तेझुकांच्या कल्पनेतील आहेत, त्रिपिटकात शोधू नयेत. काही ठिकाणचे विनोद मला खटकले. पण जातीचा जाच हाच बुद्धकथेचा दरवाजा आहे हे एका जपानी चित्रकाराला दिसले, याचे मोल नाणेघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगावयास नको. इंग्रजी भाषांतर आपल्या देशातही निघाले आहे. ग्रंथालयाने मागवावे अशी विनंती आहे.

मेळाव्यांशी त्यांचा संबंधही जुना. १९६७ मध्ये त्यांनी ‘कॉम’ हे मासिक काढले व त्यात नवोदितांना जागा दिली. त्या मासिकावर वाढलेल्या वाचकांतूनच डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत कॉमिकेट हा हौशी चित्रकथाकारांचा बाजार सुरू झाला. १९८० मध्ये तेझुका स्वतः अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनला गेले. तेथे त्यांना इंकपॉट पुरस्कार मिळाला. भारतातील कॉमिक कॉन दिल्लीत २०११ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी. हलत्या चित्रांचा आपला वारसा मात्र जपानहून तोकडा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगकाड्या नाचविल्या होत्या.

शेवटची वर्षे त्यांनी धावतच काढली. एकीकडे मासिकांची पाने आणि दुसरीकडे पदरच्या पैशाने केलेले छोटे कार्टूनपट. त्यांतील ‘जंपिंग’ला १९८४ मध्ये झाग्रेबच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सुमारे सातशे कृती, दीड लाख पाने असा त्यांच्या कामाचा अंदाज सांगतात. जठराचा कर्करोग झाला होता. तेव्हाच्या जपानी रिवाजाप्रमाणे ते त्यांना सांगितले गेले नाही. रुग्णालयातही ते कागद-पेन्सिल मागत राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, साठाव्या वर्षी, ते गेले. बीथोव्हेनचे चित्रचरित्र, फाउस्टची नवी कथा आणि तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला ‘अग्निपक्षी’, ही तीनही कामे अपुरीच राहिली.