शिक्षिका घडविणारी शिक्षिका : ॲनी हाऊ

जपानमधील पहिले सरकारी बालोद्यान १८७६ मध्ये टोकियोच्या महिला अध्यापक विद्यालयाला जोडून सुरू झाले. फ्रोबेल यांची खेळांतून शिकविण्याची पद्धत त्या देशात पोहोचली. परंतु तिचे मर्म जाणणाऱ्या शिक्षिका मोजक्याच होत्या. ही उणीव दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत ॲनी लायन हाऊ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

हाऊ यांचा जन्म १८५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. शिकागोत फ्रोबेल पद्धतीचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे तेथेच बालोद्यान चालविले. १८८७ मध्ये त्या मिशनरी म्हणून जपानला गेल्या. ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक तेथून हटविले गेल्याला तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. कोबे येथील चर्चच्या महिलांना मुलांसाठी बालोद्यान हवे होते. हाऊ यांनी मात्र त्याला शिक्षिका-प्रशिक्षणाची जोड दिली. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये बालोद्यान. आधी शिक्षिका, मग मुले असा हा क्रम होता. संस्थेचे नाव ‘शोएई’, म्हणजे ईश्वराच्या महिम्याचे स्तवन.

जपानी तरुणींना येथे फ्रोबेल यांचे तत्त्वज्ञान, गाणी आणि खेळ शिकविले जात. शेजारच्याच बालोद्यानात प्रत्यक्ष अनुभवही मिळे. जपानी भाषेत अशी पुस्तके मोजकीच होती, म्हणून हाऊ यांनी ती सिद्ध केली. १८९२ मध्ये त्यांचा बालगीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला. फ्रोबेल यांच्या माता व बालकांच्या खेळगीतांच्या ग्रंथाचा जपानी अनुवाद १८९७ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील जर्मन चित्रांच्या जागी जपानी घरसंसाराची चित्रे आली. परकी पद्धत रुजवायची तर ती त्या मातीतली व्हावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९०६ मध्ये ख्रिस्ती बालोद्यानांचा देशव्यापी संघ स्थापन झाला, तेव्हा पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला.

सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर १९२७ मध्ये हाऊ मायदेशी परतल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी एकमेकींशी युद्ध करीत होत्या. युद्ध संपले आणि १९५० मध्ये शोएईच्या प्रशिक्षण विद्यालयाला कनिष्ठ महाविद्यालयाचे रूप लाभले. हाऊ यांनी लावलेले रोप त्या वैराच्या काळातही जपानी हातांनी जपले होते.