तीन समुद्रांपलीकडचा मुसाफिर : अफनासी निकितीन

रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे शहर आहे. अफनासी निकितीन हा तेथील एक ख्रिस्ती व्यापारी. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. त्याच्या सुमारे पाव शतक आधी निकितीन कोकणच्या किनाऱ्याला लागला होता. त्याच्या पाठीशी ना राजाचे आरमार होते, ना तोफा.

इ. स. १४६८ च्या सुमारास तो शिरवान प्रांताकडे व्यापारास निघाला. वाटेत आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. रिकाम्या हाताने परतण्यात अर्थ नव्हता. दर्बंद, बाकू, इराण असे करीत तो हुर्मुझ बंदरात आला. हिंदुस्थानात घोड्यांना मोठी किंमत येते, हे जाणून एक घोडा घेऊन तो चौल बंदरी उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला पोहोचला.

तेथेच त्याच्या कसोटीचा प्रसंग आला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, असा प्रस्ताव ठेवून त्याला चार दिवसांची मुदत दिली. निकितीन हवालदिल झाला. अशा वेळी ख्वाजा मुहंमद नावाचे एक खुरासानी गृहस्थ धावून आले. त्यांनी खानाकडे रदबदली करून घोडा सोडविला आणि धर्मांतराची सक्तीही टाळली. एका मुसलमानाने परधर्मीयाचा धर्म राखला, ही गोष्ट निकितीनने कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे.

पुढे तो बहामनी राजधानी बीदरला राहिला. वजीर महमूद गवान यांचा सुप्रसिद्ध मदरसा याच काळातला. तो १४७२ साली पूर्ण झाला. सरदारांचे ऐश्वर्य आणि रयतेचे दारिद्र्य, दोन्ही निकितीनच्या नजरेतून सुटले नाही. आपण ख्रिस्ती असल्याचे सांगताच हिंदूंनीही त्याच्यापासून काही लपविले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेलाही गेला.

ग्रंथ नसल्याने त्याला आपले सण कळेनात. मग रमजानमध्ये मुसलमानांबरोबर तोही उपवास धरू लागला. आपला धर्म सुटतो की काय, ही खंत त्याच्या टिपणवहीत वारंवार उमटते. तरी त्याच वहीत रशियन अक्षरांत फारसी, तुर्की, अरबी शब्द येतात आणि शेवटी अल्लाहची नावे घेऊन प्रार्थना येते.

दाभोळहून तो परत निघाला. पण मायदेशी स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याला मृत्यूने गाठले. १४७५ साली ती वही मॉस्कोस पोहोचली. 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नावाने ती प्रसिद्ध आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकासह काढलेला 'परदेसी' हा चित्रपट त्याच्याच जीवनावर आहे. चौलशेजारी रेवदंड्यास त्याचे स्मारकही आहे.

निकितीन संपत्ती घेऊन परतला नाही. मात्र परक्यांची भाषा शिकून, त्यांच्या पंक्तीला बसून मिळविलेले ज्ञान तो आपल्या देशाला देऊन गेला. इल्मची ही कमाई कोणत्याही लुटारूला हिरावून घेता आली नाही.