डॉ. विल्यम विदरिंग

डॉ. विदरिंग यांचा जन्म इंग्लंडमध्ये १७४१ साली झाला.

१७७५ साली त्यांना एका म्हातारबाईचा काढा कळला. त्याने अंगावरची सूज उतरायची, पण उलट्या-जुलाबही व्हायचे. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्यांनी ओळखले. बागेतलीच ती, घंटेसारख्या जांभळ्या फुलांची, पण विषारी!

किती दिलं तर औषध आणि किती दिलं तर विष, यासाठी त्यांनी दहा वर्षे नोंदी ठेवल्या. १७८५ साली पुस्तक लिहिले. त्यात बरे न झालेले रोगीही लपवले नाहीत. १७९९ साली ते वारले.

आपल्या कुंपणाची कण्हेरही हृदयाला तशीच घातक. म्हणून पालकहो, झाडपाला अंदाजाने देऊ नका.