यंत्रज्ञ लक्ष्मणराव किर्लोस्कर

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे बहुधा तलवार गाजविणारे, लेखणी चालविणारे किंवा सभा जिंकणारे लोक आपल्यापुढे उभे राहतात. हातोडा, कानस आणि पाना यांच्या बळावर थोर झालेल्या पुरुषाचे चरित्र मुलांच्या हाती क्वचितच पडते. त्यामुळे हाताला काळे लागण्याचे काम म्हणजे परीक्षेत मागे पडलेल्यांसाठी राखून ठेवलेले काम, असा एक समज आपल्या घराघरांतून रूढ झाला आहे. हा समज किती पोकळ आहे, हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहिले असता सहज ध्यानात येते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा विद्वानाच्या घरी जन्मलेल्या मुलाने ग्रंथांत रमावे, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु या मुलाचे चित्त पुस्तकात लागेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती : एक चित्रे काढण्याची व दुसरी यंत्रांची. अखेर वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर लक्ष्मणराव 1885 साली मुंबईस गेले आणि सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

येथे त्यांच्या वाट्यास एक विलक्षण निराशा आली. शिक्षण सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच असे आढळून आले की, त्यांच्या दृष्टीस रंगांतील भेद नीट कळत नाहीत. चित्रकाराला रंगच न ओळखता यावेत, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? दुसरा एखादा मुलगा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय उरले आहे, याचा हिशोब केला. रंग गेले तरी रेषा उरली होती. त्यांनी यंत्रांची रेखाकृती काढण्याचा अभ्यास आरंभिला, आणि त्या कामात ते इतके तरबेज झाले की, मुंबईतील नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

लक्ष्मणरावांची खरी उमेदवारी येथेच झाली, असे म्हणावयास हरकत नाही. शिकविण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात. यंत्र कसे उघडावे, कसे पुसावे, कोणता भाग कशावर फिरतो, झिजतो कोठे, हे सारे ते स्वतः हात घालून पाहत. कागदावर रेषा काढणारा मनुष्य आणि लोखंडावर कानस चालविणारा मनुष्य हे त्या काळी निराळे समजले जात; लक्ष्मणरावांच्या ठायी ते एक झाले. यंत्रांवरील इंग्रजी पुस्तके ते वाचीत, परंतु वाचलेले हाताने करून पाहिल्यावाचून ते आपले झाले असे मानीत नसत.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी ते यंत्र पाहिले आणि त्यातील धंदाही हेरला. ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावास रामूअण्णांकडे पाठवीत. 1888 साली या दोघा भावांनी काढलेले दुकान हाच पुढील किर्लोस्कर उद्योगाचा उगम होय. तेव्हा एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे, आणि ती चालविण्यास शिकविण्याची फी पंधरा रुपये असे! पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका युरेशियन गृहस्थाला ती जागा देण्यात आली. हा अन्याय त्यांनी गिळला नाही. नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास आले व दुकानात उभे राहिले.

सायकलीची दुरुस्ती हे काम पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. परंतु विचार करून पाहा. साखळीने गती एका चाकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, छर्ऱ्यांमुळे घर्षण कसे कमी होते, तारांचा ताण थोडा इकडेतिकडे झाला तर चाक कसे डुलू लागते, हे यंत्रशास्त्राचे मूळ धडे सायकलीत साठविलेले आहेत. जगाचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत हेन्री फोर्ड नावाचा शेतकऱ्याचा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून डेट्रॉइट शहरातील कारखान्यात उमेदवार राहिला. त्याने 1896 साली जी पहिली मोटारगाडी बनविली, तिला चार चाके लावली होती ती सायकलीचीच. विल्बर व ऑर्व्हिल हे राइट बंधू डेटन गावी सायकली विकून व दुरुस्त करून पोट भरीत. त्यांनीच 1903 च्या डिसेंबरात पहिले विमान उडविले. त्याच 1903 साली फोर्डची मोटार कंपनी स्थापन झाली. आणि त्याच वर्षी इकडे बेळगावात एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने लोखंडी नांगर घडविला. हा योगायोग आमच्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बेळगावच्या छोट्या कर्मशाळेत लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले व मग नांगर हाती घेतला. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंड जमिनीत शिरले की माती विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली दोन वर्षे गिऱ्हाईक मिळता मिळेना. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांस अडाणी म्हणून दूषण दिले नाही. ज्याचे सर्वस्व चार बिघे जमिनीत आहे, तो नव्या वस्तूला भिणारच, हे त्यांना कळत होते. त्यांनी धीर धरला. हळूहळू लोकांच्या डोळ्यांनी नांगराची खोल तास पाहिली, आणि भीती आपोआप गळून पडली.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. बिऱ्हाड, भट्टी आणि यंत्रे घेऊन जावे कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन देऊ केली. ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान व नागसापांचे घर. 1910 साली लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर राहावयास गेले. त्यांनी निवडुंग तोडला, झोपड्या उभारल्या, भट्टी पेटविली. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

या वाडीत लक्ष्मणरावांनी नांगर घडविले, हे सर्वांस ठाऊक आहे; त्यांनी माणसे घडविली, हे आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या हाताखालचे लोक पदव्या मिरविणारे नव्हते. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण हायस्कुलापाशी थांबले होते. ते पुढे कल्पक एंजिनियर म्हणून नावाजले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. ते विक्रीपासून सल्लामसलतीपर्यंत हरकाम्या होऊन बसले. दरोडेखोर म्हणून ज्यांच्या नावाने लोक कापत, अशा दोघांना लक्ष्मणरावांनी वाडीचे रखवालदार नेमिले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. शेतात राबणारी पोरे भट्टीपाशी उभी राहिली व कालांतराने कुशल कारागीर झाली. अस्पृश्यता पाळण्यास वाडीत थारा नव्हता. मनुष्य कोठून आला याची चौकशी न करता तो काय शिकू शकेल याची परीक्षा करणे, ही लक्ष्मणरावांची रीत होती.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. ज्या धातूने एकेकाळी प्राण घेतले, त्यानेच पुढे अन्न पिकविले! 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पंप निघाले, आणि 1946 साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले व त्यांनी तो व्याप वाढविला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, 1969 साली, भारत सरकारने त्यांचे तिकीट काढिले.

आता या चरित्राचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर जोडून ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. सांगली-कोल्हापूरकडील फडांतही ती उतरतात. त्यांत आमच्या वर्गांतील मुलांचे आईबापही असतात. कोयत्याचे काम करणारा हात दुबळा नसतो, अडाणीही नसतो. त्याला शिकवणारा भेटलेला नसतो, इतकेच. आज ती सोय आहे. बीड व अंबाजोगाई येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. 1961 च्या कायद्याने कारखान्यांत उमेदवारांस घेण्याची व त्यांस विद्यावेतन देण्याची व्यवस्था झाली आहे. ज्या मुलाला इंजिनाचा आवाज ऐकून त्यातील बिघाड ओळखण्याची हौस आहे, त्याला ही वाट मोकळी आहे.

ती वाट सोपी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उमेदवाराचे पहिले महिने सुटे भाग रॉकेलात धुण्यात व मिस्त्रीच्या हाती नेमका पाना देण्यात जातात. कंटाळा येतो, बोलणी बसतात, घरी आल्यावर हाताचे काळे धुऊन निघत नाही. अशा वेळी पालकांची वागणूक फार मोलाची असते. मुलाच्या तेलकट कपड्यांची घरच्यांनाच लाज वाटू लागली, तर त्याने कोणाच्या बळावर टिकावे? रामूअण्णांनी धाकट्या भावाच्या छंदाला खुळ म्हटले असते, तर किर्लोस्करवाडी झाली नसती.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हास एवढेच सांगणे की, गॅरेजात जाणे म्हणजे पुस्तकाशी वैर करणे नव्हे. लक्ष्मणरावांनी रेषा काढण्याची विद्या सोडली नाही, म्हणूनच त्यांचा हातोडा योग्य ठिकाणी पडला. आज मोटारीतही संगणक आला आहे. गणित व इंग्रजी यांवाचून तो समजावयाचा नाही. डोके आणि हात यांची फारकत होऊ देऊ नका. एखादी वाट बंद झाली, तर आपल्याजवळ काय गेले यापेक्षा काय उरले, हे आधी पाहा.