‘प्रभात’चा कान : विष्णुपंत दामले

प्रतिनिधी, ठाणे

डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातील कितीतरी इमारतींत आता एखादी खोली अशी असते, की जिच्या भिंतींना स्पंज चिकटवलेला असतो आणि टेबलावर संगणक असतो. गणेशोत्सवातील गाण्यांपासून एकांकिकांच्या पार्श्वसंगीतापर्यंत बरेच काही या खोल्यांत तयार होते. संगणक नवा असला, तरी पडद्यावर चित्र असते ते जुन्या यंत्राचेच. फिरवायची बटणे, वरखाली सरकवायच्या पट्ट्या आणि आवाजाबरोबर थरथरणारा काटा. ध्वनिमिश्रणाची अवजड यंत्रे बनवणाऱ्या ‘हॅरिसन’ या मूळच्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये ‘मिक्सबस’ नावाची संगणकप्रणाली आणली, तीही याच हेतूने. जुन्या यंत्रातून गेलेल्या आवाजाला जो किंचित जाडसर, उबदार पोत येई, तो आकडेमोडीने पुन्हा आणायचा.

ज्या यंत्राची ही नक्कल, ते यंत्रही हाताशी नव्हते अशा काळात आवाजाचा तोल कसा साधला जात असेल? हा प्रश्न आपल्याला पेणच्या एका माणसापर्यंत घेऊन जातो. विष्णुपंत गोविंद दामले यांना आपण ओळखतो ते ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून. ‘प्रभात’चे ध्वनिमुद्रक ही त्यांची ओळख मात्र मागे पडली आहे, आणि ती तशी पडावी हे योग्य नाही.

दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात आले. नाटकांचे पडदे रंगवणारे हे बंधू यंत्रांचेही वेडे होते. आनंदरावांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. दामले तेथे घडले. रंग कालवणारा हात लोखंडही घासू शकतो, हा त्या कारखान्याचा संस्कार होता. शेख फत्तेलाल अर्थात साहेबमामा यांच्याशी त्यांची जन्माची जोडी जमली तीही येथेच. १९२८ मध्ये या दोघांनी ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, केशवराव धायबर, दामले, फत्तेलाल आणि सराफीचा व्यवसाय असणारे सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार होते. कंपनीला दोन वर्षे होतात न होतात तोच १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि पडदा बोलू लागला. ‘प्रभात’चा त्याच वर्षीचा ‘चंद्रसेना’ अद्याप मूक होता. नेपथ्य, छायाचित्रण, अभिनय या सगळ्यांत पारंगत असलेल्या या मंडळींना ध्वनीचा मात्र गंध नव्हता. यंत्र चालवता आले नाही, तर कंपनी बुडणार हे उघड होते. ही जबाबदारी दामले यांनी अंगावर घेतली. त्या वेळी ते चाळिशीला टेकले होते आणि ध्वनिशास्त्राचे कोणतेही शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. ध्वनिमुद्रण दामले यांचे होते. या कामाची अवघडता आज सहजी लक्षात येत नाही. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाचे विद्युतलहरींत रूपांतर होई, त्या लहरींनी प्रकाशाची तिरीप कमीजास्त होई आणि तिचा ठसा फिल्मच्या पट्टीवर उमटे. फिल्म धुऊन होईपर्यंत नेमके काय मुद्रित झाले ते कळत नसे. पार्श्वगायनाची पद्धत अजून यायची होती. ती हिंदी चित्रपटांत रुळू लागली ती १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून. तोवर दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांना कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे. वादक दृश्यात दिसू नयेत, पण ऐकू यावेत, अशा बेताने आडोशाला बसवायचे; तबला पुढे आला तर गाणे झाकोळते, मागे गेला तर ताल हरवतो. आज जो तोल बोटाने पट्टी सरकवून साधतात, तो तेव्हा माणसे हात-दोन हात सरकवून साधावा लागे. एकदा उमटलेला आवाज मागाहून वेगळा काढता येत नसे. त्यात हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झालेला, म्हणजे सारा खटाटोप दोनदा. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही; ‘अयोध्येचा राजा’ मात्र अजूनही पाहता येतो, आणि महत्त्वाचे म्हणजे ऐकता येतो.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला आली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. तुकोबांच्या भूमिकेसाठी त्यांनी विष्णुपंत पागनीस यांना निवडले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट संतपुरुष म्हणून शोभेल का, ही शंका स्वाभाविक होती. परंतु पागनीसांचा आवाज ऐकला की ती उरत नाही. अनेक वर्षे कान लावून बसलेल्या माणसाने ही निवड चेहऱ्याइतकीच गळ्यावरूनही केली असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. केशवराव भोळे यांचे संगीत, गौरीने रंगवलेली जिजाई आणि शांताराम आठवले यांचे अभंगाच्या वळणाचे गीत (ते तुकोबांचेच असे जाणकारांनाही वाटले होते) यांनी चित्रपट घरोघरी पोहोचला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्यानंतर याच जोडीचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० मध्ये आला. १९४२ मध्ये शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि कंपनीची घडी विस्कटू लागली. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. आवाज चुंबकीय फितीवर घेण्याची पद्धत आपल्या स्टुडिओंत त्यानंतर आली. जी ऊब आज संगणकावर शोधली जाते, ती त्या फितीची आणि तिच्याबरोबरच्या यंत्रांची. दामले यांना तीही पाहायला मिळाली नाही.

पुढे कंपनी बंद पडली. पुण्यातील तिच्या जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारची चित्रपट शिक्षण संस्था सुरू झाली. ध्वनिमुद्रण हा तेथील एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.