हसऱ्या रंगाखालचा ग्रिमाल्डी

जोसेफ ग्रिमाल्डी या इंग्रज विदूषकाबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. एक माणूस डॉक्टरकडे जातो. कशातच मन रमत नाही, सतत उदास वाटते, अशी त्याची तक्रार असते. डॉक्टर त्याला तपासतात. शरीरात काही बिघाड सापडत नाही. मग ते त्याला सुचवतात की, आज रात्री नाटकगृहात जाऊन ग्रिमाल्डीचा खेळ पाहा, म्हणजे बरे वाटेल. त्यावर तो माणूस हळूच सांगतो की, तो ग्रिमाल्डी मीच.

ही गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही. ती इतर विनोदी कलावंतांच्या नावावरही सांगितली गेली. पण ती ग्रिमाल्डीला चिकटली आणि टिकली, याला कारण आहे. सर्कशीतल्या ज्या जोकरला पाहून आपण हसतो आणि ज्याला पाहून एखादे मूल आईच्या मागे लपते, त्याचा पांढरा चेहरा बराचसा या माणसाने घडवला. त्या रंगाच्या आत दुखणे आणि दुःख भरलेले होते.

ग्रिमाल्डीचा जन्म १८ डिसेंबर १७७८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ज्युझेप्पे हे इटलीहून आलेले नर्तक आणि नृत्यशिक्षक. आई रिबेका हीसुद्धा नर्तकी. वडील कडक आणि विक्षिप्त होते. आपल्याला जिवंतपणी पुरले जाईल, ही भीती त्यांच्या मनात कायमची बसली होती. त्या काळी मृत्यूची खात्री करण्याची साधने तुटपुंजी होती, त्यामुळे अशी भीती युरोपात अनेकांना असे. ज्युझेप्पे यांची भीती मात्र टोकाची होती. आपले डोके धडावेगळे केल्याशिवाय आपल्याला पुरू नये, असे त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवले आणि त्यांच्या मृत्यूनंतर तसे करण्यात आले. मुले आपल्या मरणावर खरेच रडतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा मेल्याचे सोंग घेतले होते, असेही सांगतात. छोट्या जोसेफला ते सोंग ओळखता आले आणि त्याने धाय मोकलून रडण्याचे सोंग करून मार चुकवला. धाकटा भाऊ जॉन मात्र आनंदाने नाचला आणि त्याला चोप मिळाला. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे, हा धडा जोसेफला घरातच मिळाला.

रंगभूमीवर तो आला तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. लहानपणी माकडाच्या वेषात तो वडिलांबरोबर काम करत असे. कमरेला बांधलेल्या साखळीने वडील त्याला गरागरा फिरवत. एकदा ती साखळी तुटली आणि पोर प्रेक्षकांत जाऊन पडले. सुदैवाने एका गृहस्थाच्या अंगावर पडल्याने ते बचावले. १७८८ मध्ये वडील वारले. जोसेफ तेव्हा नऊ वर्षांचा होता. सॅडलर्स वेल्स या नाटकगृहाने लगेच त्याचा आठवड्याचा पगार १५ शिलिंगवरून ३ शिलिंगवर आणला. आता आई आणि मुलगा दोघांनाही दोन-दोन नाटकगृहांत काम करणे भाग होते. एका ठिकाणचा प्रवेश संपला की लंडनच्या रस्त्यांतून धावत दुसरीकडे जायचे आणि कपडे बदलून पुन्हा उभे राहायचे, असे त्याचे आयुष्य पुढे कित्येक वर्षे चालले.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये पँटोमाइम हा प्रकार लोकप्रिय होता. मूकाभिनयापासून निघालेला हा खेळ गाणी, नाच, जादूचे देखावे, पाठलाग आणि धपाधप मारामारी यांनी भरलेला असे. नाताळात तो पाहायला सगळे घर जाई. त्यातला विदूषक म्हणजे तोपर्यंत एक दुय्यम, खेडवळ नोकर होता. १८०० मध्ये सॅडलर्स वेल्सच्या एका खेळासाठी ग्रिमाल्डीने त्याचे रूप पालटले. चेहरा, मान आणि छाती पांढऱ्या रंगाने माखली, गालांवर लाल रंगाचे मोठे आकार काढले, डोक्यावर तुऱ्यांचा टोप आणि अंगात भडक रंगीत कपडे. नाटकगृहे मोठी होती, उजेड मेणबत्त्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चेहऱ्यावरची हालचाल दिसावी, तर रंग असाच ठसठशीत हवा होता. २९ डिसेंबर १८०६ रोजी कव्हेंट गार्डनमध्ये ‘मदर गूस’ हा खेळ आला आणि ग्रिमाल्डी लंडनचा लाडका झाला. त्याच्या जोसेफ या नावावरून इंग्रजीत विदूषकाला ‘जोई’ म्हणण्याची पद्धत पडली, ती आजही आहे.

त्याच वर्षांत घरी काय चालले होते, हे प्रेक्षकांना दिसत नव्हते. १७९९ मध्ये त्याने मारिया ह्यूजशी लग्न केले होते. पुढच्याच वर्षी, १८०० च्या ऑक्टोबरमध्ये, बाळंतपणात ती दगावली. म्हणजे ज्या वर्षी तो हसरा चेहरा जन्माला आला, त्याच वर्षी ग्रिमाल्डीचा संसार मोडला. दुःखातून सावरण्यासाठी त्याने स्वतःला कामात बुडवून घेतले. पुढे मेरी ब्रिस्टो या नर्तकीशी त्याने दुसरे लग्न केले आणि १८०२ मध्ये त्यांना मुलगा झाला. समुद्रावर गेलेला भाऊ जॉन १८०३ मध्ये एका रात्री अचानक नाटकगृहात येऊन भेटला. खेळ संपल्यावर घरी जायचे ठरले. पण त्याच रात्री तो नाहीसा झाला आणि पुन्हा कधीच दिसला नाही. इंग्रजीत ‘ग्रिम’ म्हणजे खिन्न. दिवसभर मी खिन्न असतो आणि रात्री तुम्हाला हसवतो, अशी कोटी ग्रिमाल्डी स्वतःच्या आडनावावर करत असे.

मनापाठोपाठ शरीरही थकत होते. ग्रिमाल्डीचा विनोद शब्दांचा कमी आणि अंगाचा जास्त. उंचावरून पडणे, झरोक्यातून उडी मारणे, खाली आदळणे, लाथा आणि रट्टे खाणे हे रोजचेच होते. एकदा रंगमंचावर बुटात खोचलेले पिस्तूल तिथेच उडाले आणि पाय भाजला. त्याला काही आठवडे अंथरुणात काढावे लागले. किरकोळ जखमा बऱ्या व्हायच्या आतच दुसऱ्या दिवशीचा खेळ येई.

अशा पडण्याचे शरीरावर काय होते, हे आज क्रीडावैद्यकामुळे चांगले कळले आहे. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थराला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तो फाटला किंवा झिजला तर सहज भरून येत नाही. गुडघा, घोटा, कंबर यांना वारंवार मार बसला की काही वर्षांनी सांधे आखडतात, सुजतात आणि अकाली म्हातारे होतात. फुटबॉलपटू आणि नर्तक यांच्यात हे आजही दिसते. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे नेमके निदान आता करता येणार नाही. पण ज्याने अडीच वर्षांच्या वयापासून शरीर आपटण्याचा धंदा केला, त्याचे सांधे चाळिशीत निकामी व्हावेत, यात नवल नाही.

आणि झालेही तसेच. १८२३ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, शेवटच्या काही खेळांत त्याची अवस्था केविलवाणी होती. विंगेत माणसे उभी असत. ग्रिमाल्डी हसवून आत आला की ती त्याला झेलत, कारण तो उभा राहू शकत नसे. हातापायांत गोळे आलेले असत. ते चोळून मोकळे करायचे आणि पुन्हा त्याला प्रकाशात ढकलायचे. बाहेर हास्याचा गडगडाट आणि आत वेदनेने रडणारा माणूस, यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पांढऱ्या रंगाने चेहऱ्यावरचे कष्ट झाकले होते आणि त्याचे कण्हणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नव्हते.

त्याच वर्षी त्याला काम सोडावे लागले. २७ जून १८२८ रोजी ड्रुरी लेन नाटकगृहात त्याच्या निरोपाचा खेळ झाला. ४९ वर्षांचा ग्रिमाल्डी खुर्चीत बसून शेवटचा प्रवेश करून गेला. विदूषकाचा वेष त्याच्या मुलाने पुढे चालवला होता; पण तो दारूच्या आहारी गेला आणि १८३२ मध्ये ३० व्या वर्षी वारला. त्यानंतर काही वर्षांतच पत्नी मेरीही गेली. एकटा पडलेला ग्रिमाल्डी संध्याकाळी जवळच्या गुत्त्यात जाऊन बसे. पाय चालत नसल्यामुळे गुत्त्याचा मालक रात्री त्याला पाठीवर घेऊन घरी सोडत असे. ३१ मे १८३७ रोजीही त्याने असेच घरी सोडले. त्या रात्री झोपेतच ग्रिमाल्डीचा मृत्यू झाला. वय ५८.

त्याच्या मागे राहिलेल्या आठवणींचे संपादन एका तरुण लेखकाने केले आणि १८३८ मध्ये पुस्तक निघाले. तो लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स. त्याआधी डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये दारूने झिजून मरणाऱ्या एका विदूषकाची कहाणी लिहिली होती. ती ग्रिमाल्डीच्या मुलावरून सुचली असावी, असे काही अभ्यासक मानतात. रंगवलेल्या हास्यामागे काहीतरी भयाण दडलेले असते, ही कल्पना वाचकांच्या मनात इथून रुजू लागली, असेही त्यांचे म्हणणे आहे. त्याच सुमारास, १८३६ मध्ये, पॅरिसमध्ये अशीच एक घटना घडली. पांढऱ्या चेहऱ्याच्या मूक ‘पिएरो’साठी गाजलेला झां-गास्पार देब्युरो रस्त्याने जात असताना एका पोराने त्याची टर उडवली. देब्युरोने काठीचा तडाखा हाणला आणि पोरगा मेला. कोर्टाने देब्युरोला निर्दोष सोडले. पण रंगमंचावर कधी न बोलणाऱ्या त्या निरागस चेहऱ्यामागे रागही असू शकतो, हे लोकांनी पाहिले.

विदूषकाची भीती ही आजच्या भयपटांची देणगी आहे, असे सर्रास मानले जाते. भयपटांनी ती वाढवली हे खरे, पण मूळ त्याहून जुने आहे. ब्रिटनमधील साउथ वेल्स विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९८७ प्रौढांना याबद्दल विचारले. निम्म्याहून अधिक लोकांनी थोडीफार तरी भीती वाटते असे सांगितले, तर सुमारे ५ टक्के लोकांची भीती तीव्र होती. कारणांमध्ये सर्वात वरचे कारण होते, रंगामुळे चेहऱ्यावरचे खरे भाव न कळणे. लहानपणी एखाद्या विदूषकाने प्रत्यक्ष घाबरवले होते, हे कारण सर्वात खाली होते.

यामागचे कारण आपल्या मेंदूत आहे. समोरच्या माणसाचा चेहरा वाचणे, हे काम मेंदू जन्मल्यापासून करत असतो. ओठ, भुवया आणि डोळ्यांभोवतीचे स्नायू यांच्या बारीक हालचालींवरून तो मित्र की शत्रू याचा अंदाज बांधतो. रंगवलेले ओठ कायम हसत असतात, मग आतला माणूस रागावलेला असो, दमलेला असो की दुखावलेला. मेंदूला नेमका अर्थ लागत नाही आणि तो सावध होतो. त्यातच विदूषक पुढच्या क्षणी काय करील, याचा नेम नसतो. त्यामुळे विदूषकाला पाहून रडणारे मूल भित्रे किंवा हट्टी नसते. त्याला ओढून पुढे नेऊ नये आणि त्याची चेष्टा करू नये. लांबून पाहू द्यावे, रंगाच्या आत एक साधा माणूस आहे हे शांतपणे समजावून सांगावे. मोठेपणीही भीती रोजच्या जगण्याच्या आड येत असेल, तर इतर भयगंडांप्रमाणे तिच्यावरही मानसोपचार आहेत.

ग्रिमाल्डीच्या वाट्याला जे आले, ते मात्र याच्या उलट होते. त्याचा रंग पाहून कोणी घाबरले नाही. उलट रंगाआडचा त्रास कोणाला दिसला नाही. म्हणून डॉक्टरची ती गोष्ट काल्पनिक असली तरी तिच्यातली चूक खरी आहे. सतत उदास असणाऱ्याला विनोदी खेळ पाहण्याचा सल्ला देणे, हा उपचार नव्हे. हसण्याने घटकाभर बरे वाटते. नैराश्य त्याने जात नाही. नैराश्यात असलेला माणूस कामावर जातो, गप्पा मारतो, चारचौघांना हसवतोही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतला रस गेला, तर चेहरा हसरा असला तरी डॉक्टरांना दाखवायला हवे.

विदूषकाचा दवाखान्याशी संबंध आज वेगळ्या रीतीने जुळला आहे. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका सर्कशीतल्या विदूषकांनी आजारी मुलांना भेटण्याचा नियमित उपक्रम सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मुलांची चिंता कमी होण्यास अशा भेटींचा उपयोग होतो, असे त्यातून दिसले. हे विदूषक दाराशी थांबून मुलाला विचारतात, आत येऊ का? मूल नको म्हणाले तर परत जातात. आणि त्यांच्यातले बहुतेक जण ग्रिमाल्डीसारखा चेहरा पांढऱ्या रंगाने माखत नाहीत. नाकावर फक्त एक लाल गोळा लावतात. बाकी चेहरा मुलाला वाचता यावा म्हणून मोकळा ठेवतात.